वाचकांचे प्रश्न : समजते, पण बोलता येत नाही

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या इंग्रजीविषयीची पत्रे इतकी होती, की या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच द्यावे असे ठरले. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत, लांबलेली पत्रे आटोपशीर केली आहेत आणि पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे गाळली आहेत. उत्तरे देणाऱ्याने तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात बरीच वर्षे अनिवार्य इंग्रजी शिकवले असल्यामुळे या उत्तरांत पुस्तकापेक्षा वर्गाचा वाटा अधिक आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील असून दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. अकरावीला विज्ञान शाखा घेतली आणि सगळी पुस्तके एका दिवसात इंग्रजी झाली. पाठांतराच्या बळावर बारावी आणि बी.एस्सी. चांगल्या गुणांनी पार पडली. आता पुण्यात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. येथे प्रत्येकाला पाळीपाळीने सेमिनार द्यावा लागतो. शिकवलेले समजते, पुस्तकही वाचता येते. पण बोलायला उभी राहिले की आधी मराठी वाक्य मनात येते आणि त्याचे इंग्रजी होईपर्यंत समोरच्यांची चुळबुळ सुरू होते. मैत्रिणी म्हणतात, 'कॉन्फिडन्स वाढव.' तो कसा वाढवावा?

उत्तर : आत्मविश्वास हा शब्द या विषयात फार स्वस्त झाला आहे. तुमच्या मैत्रिणींचा हेतू चांगला आहे, पण ज्याला पोहता येत नाही त्याला 'घाबरू नकोस' एवढेच सांगून कोणी विहिरीत उतरवत नाही. आधी एक हिशेब करून पाहा. अकरावीपासून आजपर्यंत रसायनशास्त्राविषयी तुम्ही इंग्रजीत सलग किती मिनिटे बोललात? प्रात्यक्षिक परीक्षेतील तोंडी प्रश्नांची दोन-चार शब्दांची उत्तरे यात धरू नका. मी हा प्रश्न अनेक विद्यार्थ्यांना विचारला आहे आणि बहुतेकांची बेरीज एक तासही भरत नाही. डोळ्यांना पाच वर्षांचा सराव, कानांना त्याहून थोडा कमी आणि जिभेला जवळजवळ काहीच नाही, अशी ही स्थिती आहे. तुमच्या बुद्धीशी किंवा स्वभावाशी तिचा संबंध नाही.

यावर एक साधी पद्धत आहे. इंग्रजीच्या अध्यापनशास्त्रात ती '४-३-२' या नावाने ओळखली जाते. सेमिनारमधील एकच मुद्दा घ्या, एखादी अभिक्रिया म्हणा, आणि तो वसतिगृहातील एका मैत्रिणीला इंग्रजीत चार मिनिटांत सांगा. मग तोच मुद्दा दुसरीला तीन मिनिटांत आणि तिसरीला दोन मिनिटांत सांगा. ऐकणारी दर वेळी बदलली पाहिजे, कारण त्याच व्यक्तीला तेच पुन्हा सांगताना आपल्यालाच कंटाळा येतो आणि आपण गाळू लागतो. काय सांगायचे ते पहिल्या वेळी ठरून गेलेले असते. त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी मन शब्द शोधण्यातून मोकळे होते. वेळ कमी होत गेल्याने मधले अडखळणेही गळत जाते. ऐकणाऱ्या मैत्रिणी रसायनशास्त्राच्या नसल्या तरी बिघडत नाही, उलट त्या नसलेल्याच बऱ्या.

सेमिनारचे संपूर्ण भाषण लिहून पाठ करण्याचा मोह मात्र टाळा. पाठांतराने तुम्हाला इथवर आणले आहे, म्हणून तो मोह मोठा असणार. पाठ केलेल्या भाषणातील एक वाक्य निसटले की माळेचा दोरा तुटावा तसे पुढचे सगळे घरंगळते. सुरुवातीची तीन वाक्ये आणि एका मुद्द्यावरून दुसऱ्या मुद्द्याकडे नेणारी चार-पाच वाक्ये तेवढी पाठ असू द्यावीत. बाकीचे हातातील कागदावर केवळ शब्दांच्या रूपात असावे.

आता मनात आधी मराठी वाक्य येण्याविषयी. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. अडचण येते ती वाक्याच्या घडणीमुळे. मराठी क्रियापद शेवटी येते, इंग्रजी क्रियापद कर्त्याच्या पाठोपाठ येते. म्हणजे मराठीतील लांब वाक्य इंग्रजीत नेताना ते शेवटापासून उलगडावे लागते आणि तेवढा वेळ बोलणाऱ्याजवळ नसतो. म्हणून मनातले मराठी वाक्यच लहान करावे. 'तापमान वाढवल्यामुळे अभिक्रियेचा वेग वाढल्याचे दिसून आले' या एका वाक्याची 'आम्ही तापमान वाढवले', 'अभिक्रिया जलद झाली' अशी दोन वाक्ये केली, की 'वी रेज्ड द टेम्परेचर. द रिॲक्शन बिकेम फास्टर.' हे सहज येते. सेमिनारमध्ये अशा छोट्या वाक्यांना कोणी हसत नाही. शिवाय, अवघड मुद्दा आधी मराठीतच एखादीला समजावून पाहा. तो मराठीतही नीट सांगता आला नाही, तर अडचण इंग्रजीची नसून रसायनशास्त्राची आहे, आणि तिच्यासाठी व्याकरणाचे पुस्तक उघडण्यात अर्थ नाही.

शब्दांबद्दलही एक गोष्ट सांगतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला विषयातील संज्ञा येत असतात. त्याचे अडते ते संज्ञांच्या मधल्या शब्दांवर : डिराइव्ह, इंडिकेट, अझ्यूम, ऑब्टेन, सिग्निफिकंट, व्हेअरॲज. न्यूझीलंडमधील संशोधक ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये अशा शब्दांची एक यादी प्रसिद्ध केली. रोजच्या वापरातील सुमारे दोन हजार शब्द वगळून, विद्यापीठीय पुस्तकांत सर्व विषयांत पुन्हा पुन्हा येणारी ५७० शब्दकुळे, म्हणजे एका मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांचे गट, तीत आहेत आणि अभ्यासाच्या पुस्तकातील सुमारे दहा टक्के मजकूर त्यांनीच व्यापलेला असतो. ही यादी इंटरनेटवर विनामूल्य मिळते. ती पाठ करण्यासाठी नाही; यादीतील शब्द तुमच्याच क्रमिक पुस्तकात शोधायचे, ते वाक्य वहीत उतरवायचे आणि त्याच धर्तीवर स्वतःचे एक वाक्य मोठ्याने म्हणायचे. दिवसाला पाच शब्द घेतले तरी एका सत्रात यादी संपते.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या वर्षी कॅम्पस इंटरव्ह्यू सुरू होतील. आमच्या शहरात नव्वद दिवसांत फाडफाड इंग्रजी शिकवणारे बरेच क्लास आहेत आणि त्यांची फी आमच्या घराला जड जाण्यासारखी आहे. क्लास लावावा का? माझे उच्चारही गावाकडचे आहेत. ते बदलता येतील का?

उत्तर : फी भरण्यापूर्वी एक दिवस क्लासमध्ये मागच्या बाकावर बसू द्यावे अशी विनंती करा आणि घड्याळ लावून बसा. तासभरात शिक्षक किती मिनिटे बोलले आणि एकेक विद्यार्थी किती मिनिटे बोलला, एवढेच मोजायचे. शिक्षक पन्नास मिनिटे आणि चाळीस विद्यार्थी मिळून दहा मिनिटे बोलत असतील, तर तुम्ही दुसऱ्याचे इंग्रजी ऐकण्यासाठी पैसे मोजणार आहात, आणि ते तर मोबाइलवर फुकट ऐकता येते. दहा-बारा जणांची बॅच असेल, प्रत्येकाला रोज तीन-चार मिनिटे बोलावे लागत असेल आणि चुका शेवटी शांतपणे सांगितल्या जात असतील, तर तो क्लास उपयोगाचा आहे. मात्र हेच काम वसतिगृहातील चार मित्र रोज जेवणानंतर अर्धा तास एकत्र बसून करू शकतात. त्यात अडचण पैशांची नसून सातत्याची असते. क्लासची फी अनेकदा त्या सातत्यासाठीच दिलेली असते, हेही मला मान्य आहे.

कॅम्पस मुलाखतीत तुम्हाला जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायचे नसते. स्वतःविषयी दोन मिनिटे आणि तुमच्या प्रोजेक्टविषयी पाच मिनिटे, या दोन गोष्टी तर हमखास विचारल्या जातात. प्रोजेक्ट काय होता, त्यात तुमच्या वाट्याचे काम कोणते, काय बिघडले आणि ते कसे दुरुस्त केले, हे यंत्र न कळणाऱ्या माणसालाही कळेल असे सांगता आले पाहिजे. गटचर्चेत आपल्याकडची मुले निर्दोष वाक्य मनात जुळवत बसतात आणि तोवर चर्चा पुढे निघून जाते. त्यांनी आधीच्या वक्त्याचे म्हणणे एका वाक्यात सांगून त्यात आपली भर घालण्याची सवय लावावी. वाक्याचा पूर्वार्ध त्यामुळे आयता मिळतो, आणि ऐकून घेणारा उमेदवार म्हणून परीक्षकांचे लक्षही जाते.

मराठीच्या साच्यातून येणाऱ्या चुका सगळ्या सारख्या वजनाच्या नसतात. आपण 'तुम्हाला कळवतो' असे म्हणतो म्हणून 'इन्फॉर्म टू यू' तोंडात येते. 'प्रोजेक्टविषयी चर्चा केली' म्हणून 'डिस्कस्ड अबाउट' येते. इंग्रजीतील 'अ' आणि 'द' या उपपदांना मराठीत प्रतिशब्दच नसल्याने ती गळतात. यांपैकी कशानेही अर्थ बिघडत नाही, तेव्हा या चुकांची धास्ती घेऊ नका. काळाच्या चुकीने मात्र गोंधळ होतो. 'मी गेल्या वर्षी इंटर्नशिप केली आहे' हे मराठीत बिनचूक आहे. इंग्रजीत 'लास्ट इयर' म्हटले की 'हॅव डन' चालत नाही, 'डिड' म्हणावे लागते. मुलाखतीत बहुतेक प्रश्न झालेल्या गोष्टींवर असतात, म्हणून साधा भूतकाळ तेवढा पक्का करून जा.

उच्चारांच्या बाबतीत, परदेशी वळण आणण्याच्या खटाटोपात पडू नका. ते ऐकणाऱ्यालाही अवघडवते. दोन गोष्टी सुधारल्या तरी पुष्कळ. एक म्हणजे शब्दातील आघात. मराठीत आपण सर्व अक्षरांना जवळपास सारखा न्याय देतो, इंग्रजीत एका अक्षरावर जोर पडतो आणि बाकीची दबतात. 'फोटोग्राफ'मध्ये तो जोर पहिल्या अक्षरावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर आणि 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर असतो. 'डेव्हलप' आणि 'कमिटी' यांतही तो दुसऱ्या अक्षरावर आहे, आपण मात्र पहिल्यावर देतो. दुसरी गोष्ट 'व' आणि 'व्ह' यांची. गंमत अशी, की 'व्हॅन' आणि 'वाइन' लिहिताना मराठी माणूस हा फरक चोख पाळतो आणि बोलताना विसरतो. 'व्ह'साठी वरचे दात खालच्या ओठाला लावायचे, 'व'साठी ओठांचा चंबू करायचा. आरशासमोर आठवडाभर केले की पुरते.

प्रश्न : मी एका कला-वाणिज्य महाविद्यालयात इंग्रजीचा सहायक प्राध्यापक आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार इंग्रजीच्या संवादकौशल्यांचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम शिकवतो. वर्गात १२० नावे आहेत, पुढच्या दोन रांगा सोडल्यास कोणी तोंड उघडत नाही. भाषा प्रयोगशाळा कागदोपत्री आहे. विद्यार्थी गाइड वाचून उत्तीर्ण होतात. अशा वर्गात बोलणे शिकवणे शक्य आहे का, हे प्रामाणिकपणे सांगावे.

उत्तर : सर, प्रामाणिक उत्तर आकड्यांनीच देतो. दोन श्रेयांक म्हणजे सत्रात साधारण ३० तास, म्हणजे १,८०० मिनिटे. तुम्ही स्वतः एक शब्दही न बोलता प्रत्येकाला पाळीपाळीने उभे केले, तरी एका विद्यार्थ्याच्या वाट्याला सबंध सत्रात १५ मिनिटे येतात. एकाने बोलावे आणि ११९ जणांनी ऐकावे या रचनेत बोलणे शिकवणे अशक्य आहे. त्यात तुमचा दोष नाही आणि विद्यार्थ्यांचाही नाही. पण त्याच वर्गात बाकावरच्या शेजाऱ्याशी दहा मिनिटे बोलायला सांगितले, तर एकाच वेळी ६० तोंडे उघडतात, आणि प्रत्येक तासाला प्रत्येकाला निदान पाच मिनिटे मिळतात. ३० तासांची ही अडीच तास होतात. दहापट फरक पडतो, आणि त्यासाठी ना यंत्र लागते ना अनुदान.

यात दोन विघ्ने येतात. पहिले गोंगाटाचे. ६० जोड्या बोलू लागल्या की शेजारच्या वर्गातून तक्रार येते आणि प्राचार्य दारात येऊन उभे राहतात. (माझ्याकडे ते तीनदा आले, चौथ्यांदा मी त्यांनाच एका जोडीचा तिसरा गडी करून बसवले.) दुसरे विघ्न मराठीचे. आपण पाठ वळवली की विद्यार्थी मराठीत बोलू लागतात. यावर दंड, शिक्षा किंवा 'या वर्गात मराठी बोलण्यास मनाई आहे' अशी पाटी हा उपाय नव्हे. त्याने वर्ग पुन्हा मुका होतो. काम असे द्यावे, की त्याचा शेवट इंग्रजीतच करावा लागेल. तयारीची कुजबुज मराठीत झाली तरी चालेल, शेवटी दोघांपैकी कोणालाही उठवून निष्कर्ष इंग्रजीत विचारला जाईल, हे आधी माहीत असले की पुरे. सूचना तुम्ही खुशाल मराठीत द्या.

काम कसले द्यावे याबाबत आपल्याच देशातील एक प्रयोग मार्गदर्शक आहे. भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांमध्ये केलेला तो प्रयोग 'बंगलोर प्रकल्प' म्हणून जगभर अभ्यासला जातो. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून त्यांनी मुलांना रेल्वेचे वेळापत्रक, नकाशे असे साहित्य दिले आणि त्यावरचे कोडे सोडवायला लावले. लक्ष अर्थावर असताना भाषा आत झिरपते, हा त्यामागचा विचार. तुमच्या वर्गासाठी एसटी आगारातील वेळापत्रकाचा फोटो पुरेल : सकाळी नऊच्या पेपरला जिल्ह्याच्या गावी पोहोचायचे आहे आणि परतताना दवाखान्यात थांबायचे आहे, तर कोणत्या गाड्या घ्याव्यात? खानावळीचा महिन्याचा हिशेब, दोन मोबाइल प्लॅनची तुलना, शिष्यवृत्तीच्या अर्जातील अटी, यांवरही अशी कोडी रचता येतात. प्रभूंना स्वतःला गटकार्य फारसे मान्य नव्हते, हेही सांगायला हवे. कच्च्या भाषेचे विद्यार्थी आपापसांत बोलले तर एकमेकांच्या चुका पक्क्या करतात, असे त्यांचे मत होते. शाळकरी वयाला ते लागू असेल. परंतु आमच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचा रोग चुकीच्या इंग्रजीचा नसून मौनाचा आहे, आणि म्हणून या एका मुद्द्यावर मी त्यांच्याशी सहमत होऊ शकलेलो नाही.

चुका दुरुस्त करताना मध्येच अडवू नका. जोड्यांमधून फिरताना वारंवार कानावर पडलेल्या तीन चुका टिपून शेवटच्या पाच मिनिटांत, कोणाचेही नाव न घेता, फळ्यावर लिहा. आणि अंतर्गत मूल्यमापनातील काही गुण तोंडी कामासाठी राखता येत असतील तर अवश्य राखा. विषय पंधरा दिवस आधी जाहीर करा, दोन मिनिटांचे बोलणे विद्यार्थ्यांकडून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घ्या. चांगले मुद्रण व्हावे म्हणून विद्यार्थी तेच बोलणे सात-आठ वेळा पुन्हा करतात. सराव म्हणतात तो हाच, आणि गाइडमध्ये तो मिळत नाही.

वाचनाविषयीही एक विनंती. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ १९२०च्या दशकात ढाक्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे काम करत होते. बहुसंख्य विद्यार्थी शिक्षण अर्ध्यावर सोडतात, तेव्हा त्या क्षणी त्यांच्या हातात किती इंग्रजी उरते, असा प्रश्न त्यांनी विचारला आणि त्यासाठी विम्याच्या व्यवहारातील 'सरेंडर व्हॅल्यू' हा शब्द वापरला. पॉलिसी मध्येच मोडली तर किती रक्कम परत मिळते, तसे. वेस्ट यांचे उत्तर होते वाचन. मोजक्या शब्दांत लिहिलेली सोपी पुस्तके वाचता येऊ लागली, की शाळा सुटली तरी ती क्षमता आपल्या बळावर वाढत राहते. तुमच्या वर्गातील किती मुली लग्न ठरल्यामुळे दुसऱ्या वर्षानंतर दिसत नाहीत, किती मुले कंपनीत लागतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ग्रंथालयात अशा पातळीवार सोप्या पुस्तकांचे एक कपाट कुलपाविना ठेवता आले, तर ते भाषा प्रयोगशाळेपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

प्रश्न : मी निफाड तालुक्यातील द्राक्ष बागायतदार आहे. शिक्षण दहावी, इंग्रजी पाचवीपासून झालेले, त्यातले आता काही उरलेले नाही. मुलगी नाशिकला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि इंग्रजीला घाबरते. मला इंग्रजी येत नसताना तिला मदत कशी करू?

उत्तर : दादा, तुमच्या घरात इंग्रजीचे जेवढे कागद येतात तेवढे शहरातील अनेक घरांत येत नसतील. औषधांच्या बाटल्यांवरची माहिती, एमआरएलच्या म्हणजे फळात चालणाऱ्या औषधाच्या अंशाच्या मर्यादा, पीएचआयचे म्हणजे शेवटची फवारणी आणि तोडणी यांमधले दिवस, द्राक्षे निर्यात करणाऱ्या कंपनीचा करार, पीकविम्याच्या अटी. यांपैकी एक कागद दर रविवारी मुलीपुढे ठेवा आणि तो तुम्हाला मराठीत समजावून सांगायला सांगा. नुसते शब्दशः भाषांतर नको. तुम्ही प्रश्न विचारा : 'मग तोडणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवायची?' 'माल नाकारला तर नुकसान कोणाचे?' उत्तर देण्यासाठी तिला तो कागद खरोखर समजून घ्यावा लागेल. एका भाषेत वाचून दुसऱ्या भाषेत नेमके सांगणे हे भाषेचे वरच्या दर्जाचे काम आहे आणि वाणिज्य शाखेच्या पदवीधराला नोकरीत तेच करावे लागते. विषयाचे ज्ञान तुमच्याकडे आणि भाषा तिच्याकडे, त्यामुळे दोघांनाही एकमेकांची गरज पडेल. ती अडखळली तर थांबा, घाई करू नका. आणि पाहुण्यांसमोर 'जरा इंग्रजीत बोलून दाखव' असे मात्र कधीही म्हणू नका.

प्रश्न : मी मूळची कोल्हापूरची, सप्टेंबरपासून डब्लिनमध्ये एम.एस. करते आहे. परदेशी शिक्षणासाठी द्यावी लागणाऱ्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत नऊपैकी सात बँड मिळाले होते, त्यामुळे भाषेची चिंता नव्हती. प्रत्यक्षात प्राध्यापकांचे व्याख्यान कळते, पण गटातील आयरिश मुलांचे आपापसांतील बोलणे निम्मे कळत नाही आणि माझ्या पहिल्या निबंधावर 'हे विधान कोणाचे?' असे शेरे चार ठिकाणी आले. माझे काय चुकते आहे?

उत्तर : आयईएलटीएसची तोंडी परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते. समोर एकच परीक्षक असतो, तो तुम्हाला बोलू देण्यासाठीच बसलेला असतो आणि मध्येच विनोद करत नाही. गटातील चार मुले यांपैकी काहीच पाळत नाहीत. सात बँड खोटे नव्हते, पण ते दुसऱ्या परिस्थितीचे मोजमाप होते. स्थानिक वळण कानात बसायला साधारण एक सत्र लागते. तिकडे 'ग्रँड' म्हणजे भव्य नव्हे, 'ठीक आहे' एवढाच अर्थ. असे शब्द सरळ विचारून घ्यावेत. बैठकीत पहिल्या पाच मिनिटांतच एखादे छोटे वाक्य बोलून टाका, कारण जितका वेळ गप्प राहाल तितके तोंड उघडणे जड होत जाते. बैठक संपल्यावर 'मला समजले ते असे' म्हणून तीन ओळींचा निरोप गटावर टाकण्याचे काम स्वतःकडे घ्या. चुकीचे समजले असेल तर लगेच कळेल, आणि गटालाही ते हवेच असते.

निबंधाचा प्रश्न इंग्रजीचा कमी आणि अभ्यासाच्या रीतीचा जास्त आहे. आपल्याकडे परीक्षेच्या उत्तरात पुस्तकातील वाक्य जसेच्या तसे आले की गुण मिळतात; ते कोणाचे, हे विचारले जात नाही. तिकडे प्रत्येक परिच्छेदात संशोधकाचे म्हणणे कुठे संपले आणि तुमचे कुठे सुरू झाले हे दिसावे लागते, आणि न सांगता घेतलेले वाक्य गंभीर गैरवर्तन ठरू शकते. लिहिण्यापूर्वी पुस्तक मिटून, वाचलेले मराठीत दोन ओळींत टिपून घ्या, आणि मग त्या मराठी टिपणावरून इंग्रजीत लिहा. मूळ वाक्य आपोआप नक्कल होण्याची वाट त्याने बंद होते. तिकडच्या विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांसाठी लेखनसाहाय्य केंद्रे असतात. तेथे जाणे कमीपणाचे मानू नका. प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारणे आपल्या तोंडाला जड जाते हे खरे, पण त्या संकोचापायी त्यांच्या भेटीच्या वेळा वाया घालवू नका.

प्रश्न : मोबाइलवरील एआय साधनांना सांगितले की ती इंग्रजी पत्र किंवा अहवाल लिहून देतात. मग विद्यार्थ्यांनी इंग्रजी लिहिण्याचे कष्ट का घ्यावेत?

उत्तर : कारण पत्राखाली सही विद्यार्थ्याची असते आणि त्याविषयी प्रश्न त्यालाच विचारले जातात. या साधनांना माझा विरोध नाही. गावात इंग्रजी बोलणारे कोणी नसताना रात्री अकरा वाजता न कंटाळता उत्तर देणारा सोबती मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. क्रम तेवढा पाळावा. पहिला मसुदा वेडावाकडा का होईना, आपला असावा. मग साधनाला 'हे दुरुस्त कर' असे न सांगता 'यातील तीन चुका दाखव आणि त्या का चुकल्या ते मराठीत सांग' असे सांगावे. दुरुस्ती स्वतःच्या हाताने करावी.

प्रश्न : ओळख करून देताना 'मायसेल्फ अमुक' असे म्हणणे चूक आहे का? आमच्या महाविद्यालयात सगळेच तसे म्हणतात.

उत्तर : चूक आहे, 'मायसेल्फ' म्हणजे 'मी स्वतः' आणि 'स्वतः सुरेश' अशी ओळख आपण मराठीतही करून देत नाही. 'आय ॲम' एवढे पुरेसे आहे. 'माय गुड नेम इज' हेही नको, ते 'शुभनावा'चे भाषांतर आहे. पण यामुळे कोणाला नोकरी नाकारल्याचे मी पाहिलेले नाही. एका वर्षी प्रथम वर्षाच्या पहिल्या तासाला ओळीने सर्वांनी 'मायसेल्फ'ने सुरुवात केली. शेवटी, एसटी उशिरा आल्यामुळे धापा टाकत आलेला एक मुलगा दारातूनच आपले नाव आणि 'फ्रॉम' म्हणून गावाचे नाव सांगून बसला. त्याला बाकीच्यांचे ऐकायला वेळ मिळाला नव्हता.